थांबलेल्या गाडीचा दोष कुणाचा?

जुनी डिझेल गाडी रस्त्यात बंद पडली की ठपका तिच्या वयावर ठेवून सारे मोकळे होतात. तिच्या टाकीत काय पडले, ते इंजिनपर्यंत कसे पोहोचले आणि त्याची तपासणी कुणी केली, हे प्रश्न धोरणातही विचारले जात नाहीत आणि कार्यशाळेतही.

२६ जून २०२५ च्या रात्री मध्य प्रदेशातील रतलामजवळ १९ गाड्या एकापाठोपाठ एक बंद पडल्या. मुख्यमंत्री मोहन यादव यांच्या दुसऱ्या दिवशीच्या दौऱ्यातील ताफ्यासाठी त्या इंदूरहून आल्या होत्या. वाटेतल्या एका पंपावर त्यांनी डिझेल भरले आणि थोडे अंतर जाताच इंजिने आचके देऊन थांबली. गाड्या ढकलत रस्त्याच्या कडेला आणाव्या लागल्या. टाक्या उघडल्या तेव्हा डिझेलबरोबर पाणी बाहेर आले. त्याच पंपावर डिझेल भरलेल्या एका ट्रकचालकाचीही तीच तक्रार होती. अधिकारी धावले, नमुने घेतले गेले, पंपाला टाळे लागले आणि ताफ्यासाठी दुसऱ्या गाड्या मागवण्यात आल्या. पावसाचे पाणी पंपाच्या भूमिगत टाकीत झिरपले असावे, असे कारण पुढे आले.

या घटनेची देशभर चर्चा झाली, ती अर्थातच गाड्या कुणाच्या होत्या यामुळे. परंतु तिच्यातील खरा बोध निराळाच आहे. बंद पडलेल्या गाड्या जुन्या नव्हत्या, म्हणून दोष इंधनाचा असला पाहिजे हे प्रत्येकाच्या लगेच लक्षात आले. तीच वेळ पंधरा वर्षे वापरलेल्या एखाद्या टेम्पोवर आली असती तर? चालकाने बॉनेट उघडले असते, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी ‘गाडी जुनी झाली, आता काढून टाका’ असा सल्ला दिला असता, मिस्त्रीने पंप उतरवून बिल हाती ठेवले असते आणि इंधनाचा नमुना कुणीही घेतला नसता. ताफा थांबला की चौकशी इंधनाची होते. सामान्य माणसाची जुनी गाडी थांबली की चौकशी वयाची होते. जुन्या डिझेल वाहनांविषयीची आपली सारी समजूत, आणि बऱ्याच अंशी आपले धोरणही, या दुजाभावावर उभे आहे.

पाणी, गाळ आणि हवा

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्या तप्त हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की ते पेटते. म्हणजे इंजिनाचे सारे चलनवलन एका गोष्टीवर अवलंबून असते : योग्य क्षणी, योग्य मापाचे, योग्य दाबाचे डिझेल. जुन्या, यांत्रिक पद्धतीच्या पंपात सर्वसाधारणपणे वातावरणाच्या दीडशे ते अडीचशे पट दाब आल्याखेरीज नोझल उघडत नाही. हा दाब निर्माण करणारा दट्ट्या आणि त्याभोवतीचे नळकांडे यांच्यातील फट दोन ते चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतले तर या यंत्रणेला स्वच्छ डिझेल का लागते ते कळते. शिवाय या भागांना वेगळे वंगण नसते. त्यातून वाहणारे डिझेल हेच त्यांचे वंगण.

या यंत्रणेचे शत्रू तीन. पहिला पाणी. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी साठते, आणि इंधन ओढून घेणारी नळीही तिथेच जवळ असते. पाणी पंपाच्या सूक्ष्म पृष्ठभागावर गंज आणते आणि नोझलच्या टोकाशी पोहोचले तर तिथल्या उष्णतेने त्याची वाफ होऊन टोकालाच इजा करते. दुसरा शत्रू गाळ. टाकीच्या आतील पत्र्याचा गंज, वर्षानुवर्षांची धूळ, आणि पाणी व डिझेल जिथे एकमेकांना भिडतात त्या थरात वाढणाऱ्या जीवाणू-बुरशीचा काळसर, चिकट साका. अशी गाडी सपाट रस्त्यावर बरी चालते, चढावर दम सोडते आणि मग बंद पडते. दहा मिनिटे थांबून स्टार्टर मारला की पुन्हा सुरू होते, कारण ओढ थांबताच जाळीवर चिकटलेला गाळ खाली बसतो. चालकाला वाटते, इंजिन तापले होते. वास्तविक ते उपाशी होते.

तिसरा शत्रू हवा, आणि तीच सर्वांत फसवी. टाकीपासून पंपापर्यंतच्या मार्गात इंधन ओढले जाते, ढकलले जात नाही. त्यामुळे तेथील रबरी नळीला चीर गेली किंवा तांब्याचा वॉशर सैल झाला तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. जमिनीवर एक थेंबही दिसत नाही आणि गाडी मात्र ‘हवा धरते’. हवा दाबली की आकसते, म्हणून नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीतील डिझेल टाकीकडे परतते आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. टाकी पाव भरलेली असताना किंवा गाडी उतारावर उभी असताना हे अधिक जाणवते.

विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. खडकीच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्सची स्थापना १९४६ ची. त्यानंतरच्या दशकांत वीज न पोहोचलेल्या शिवारात ही इंजिने घुमली आणि ‘हवा काढणे’ हे क्रियापद शेतीच्या भाषेत रुळले. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारायचा, बुडबुडे संपून डिझेलची अखंड धार आली की स्क्रू आवळायचा. फवारणी यंत्रणेच्या सुट्या भागांशीही राज्याचे नाते जुने आहे. १९५१ मध्ये बंगळुरूला सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, म्हणजेच ‘मायको’ने, नाशिकला नोझल आणि इंजेक्टर यांचा कारखाना उभारला. २००८ मध्ये कंपनीचे नाव ‘बॉश’ झाले, तरी नाशिककरांच्या तोंडी ‘मायको सर्कल’च राहिले. या विषयाचे ज्ञान इथे कधीच परके नव्हते. ते आज धोरणाच्या टेबलापर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

वय म्हणजे काय?

जुन्या गाडीत हे दोष अधिक आढळतात, हे खरे. परंतु त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. वय वाढते म्हणजे रबर कडक होते, टाकी आतून गंजते, उपसा पंपाचा पडदा झिजतो, टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजते. हे सारे भाग बदलता येतात, आणि बहुतेकांची किंमत फार नसते. डिझेल फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. तो वेळेवर न बदलल्याने खराब होणारा पंप मात्र हजारोंच्या घरात खर्च काढतो. टाकीखालच्या पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याची तोटी आठवड्यातून एकदा सैल करून पाणी सोडणे याला तर काहीच पैसे पडत नाहीत.

मग हे होत का नाही? कारण जुनी डिझेल गाडी आज ज्यांच्या हाती आहे, त्यांचे अर्थकारण वेगळे आहे. पहिल्या मालकाने आठ-दहा वर्षे वापरून विकलेली गाडी दुसऱ्या, तिसऱ्या हाती जाते. बाजार समितीत भाजी नेणारा, वीटभट्टीवरून विटा वाहणारा, खेड्यातून तालुक्याला प्रवासी आणणारा असा हा मालक असतो आणि बहुधा चालकही तोच. त्याची मिळकत खेपेवर असते. गाडी गॅरेजात उभी राहिली तर त्या दिवसाची चूल अडते. म्हणून तो बंद पडेपर्यंत थांबतो, आणि बंद पडल्यावर जे सर्वांत लवकर होईल ते करतो. फिल्टर न बदलता फुंकून बसवणे, फाटलेल्या नळीवर चिकटपट्टी गुंडाळणे, टाकी न धुता ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणे, हा त्या घाईचाच भाग. दोष पुन्हा उद्भवतो आणि दर वेळी ‘जुनी गाडी’ या दोन शब्दांनी त्याचा निकाल लावला जातो.

दरम्यान ‘जुनी’ या शब्दाचा अर्थही बदलला आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय बाजारात ‘कॉमन रेल’ तंत्राच्या डिझेल गाड्या आल्या. आज त्यांपैकी पुष्कळ पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. या यंत्रणेत इंधनाचा दाब वातावरणाच्या तेराशे ते दोन हजार पट असतो आणि फवाऱ्याची वेळ संगणक ठरवतो. दाब अपेक्षेपेक्षा कमी पडला की संगणक इंजिनाची ताकद उतरवतो किंवा ते थांबवतो. यांत्रिक पंपाची गाडी अशुद्ध डिझेलवर कुंथत का होईना, चालत असे. कॉमन रेल पंप वंगणाअभावी घासला तर त्याच्या धातूचा कीस साऱ्या यंत्रणेत पसरतो. मग नुसता पंप बदलून भागत नाही, इंजेक्टर, नळ्या आणि टाकी यांचाही विचार करावा लागतो. सेकंड हँड बाजारात ही गाडी दोन-अडीच लाखांत मिळते आणि तिच्या इंधनयंत्रणेची पूर्ण दुरुस्ती त्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊ शकते. अशा वेळी मालक अर्धवट दुरुस्ती पत्करतो आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणतो.

बदलत गेलेले डिझेल

गाडी तीच राहिली तरी तिच्या टाकीत पडणारे डिझेल गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलले. गंधकाचे प्रमाण पाहिले तरी हे स्पष्ट होते. २००० साली देशभरच्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ०.२५ टक्के, म्हणजे दहा लाख भागांत २५०० भाग होती. भारत स्टेज तीनमध्ये ती ३५० वर आली. १ एप्रिल २०१० पासून ज्या तेरा शहरांत भारत स्टेज चार लागू झाले, त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. तिथे मर्यादा ५० झाली. एप्रिल २०१७ मध्ये ती देशभर लागू झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे डिझेल देशभर आले, ज्यात ही मर्यादा केवळ १० आहे.

हवेच्या दृष्टीने हा बदल अत्यावश्यक होता, यात शंका नाही. परंतु गंधक काढण्याच्या शुद्धीकरण प्रक्रियेत डिझेलमधील वंगणाचे गुण असलेले काही घटकही निघून जातात. नव्वदच्या दशकाच्या आरंभी स्वीडनने अतिशय कमी गंधकाचे डिझेल आणले तेव्हा पंप झिजून निकामी झाल्याच्या तक्रारी आल्या आणि त्यातूनच वंगणक्षमता वाढवणारी द्रव्ये मिसळण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये गंधक कमी केलेले डिझेल आले तेव्हा, विशेषतः कॅलिफोर्नियात, जुन्या गाड्यांच्या पंपांची रबरी सील गळू लागली. जुन्या डिझेलमधील सुगंधी हायड्रोकार्बनमुळे फुगलेले रबर नव्या डिझेलमध्ये आकसले, हे त्याचे प्रमुख कारण. भारतीय मानकातही वंगणक्षमतेची कसोटी आहे आणि तेल कंपन्या त्यानुसार द्रव्ये मिसळतात. म्हणून आजचे शुद्ध डिझेल जुन्या पंपाला मारते, असा सरसकट निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पण वीस वर्षांपूर्वीच्या रबराची सील आणि नळ्या नव्या इंधनाबरोबर एकदा तपासून बदलाव्यात, एवढी साधी सूचना जुन्या गाडीच्या मालकापर्यंत कुणी पोहोचवली? एप्रिल २०२० मध्ये देश टाळेबंदीत होता. इंधन बदलले आणि बहुतेकांच्या ते गावीही नव्हते.

हाच प्रश्न पुढेही उभा राहणार आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे मूळचे २०३० चे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले आणि त्याबरोबर जुन्या वाहनांच्या मालकांची अस्वस्थता उफाळून आली. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय आणि पंपावर स्पष्ट लेबल मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. त्याच महिन्यात केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिझेलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग यशस्वी न झाल्याचे आणि आता आयसोब्युटेनॉलचा पर्याय अजमावला जात असल्याचे सांगितले. अशा चाचण्यांचे काम पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेकडे असणे ही जमेची बाजू. मात्र चाचणी कोणत्या गाड्यांवर होते, हे महत्त्वाचे. नव्या इंजिनावर उत्तीर्ण झालेले मिश्रण पंधरा वर्षांच्या रबरावर आणि गंजलेल्या टाकीत कसे वागते, हे तपासल्याखेरीज ते पंपावर येऊ नये.

भेसळीची जुनी जखम

पाणी बहुधा हलगर्जीपणाने शिरते. भेसळ मात्र हेतुपुरस्सर होते. रेशनचे रॉकेल आणि डिझेल यांच्या किमतीत जोवर मोठी तफावत होती, तोवर रॉकेल डिझेलमध्ये जात राहिले. रॉकेल पातळ असते, वंगणाला कमी पडते आणि पंप झिजवते. निळा रंग घालून झाला. २००६ मध्ये रॉकेलमध्ये ओळखद्रव्य मिसळण्याची योजना आली आणि २००८ च्या अखेरीस गुंडाळली गेली. या धंद्याची क्रूरता महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिली. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ पानेवाडी येथे इंधनाच्या काळ्या बाजाराचा प्रकार उघड करायला गेले आणि भरदिवसा त्यांना जिवंत जाळण्यात आले. त्याआधी नोव्हेंबर २००५ मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी येथे इंडियन ऑईलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा भेसळीविरुद्धच्या कारवाईमुळे खून झाला होता.

डिझेलचे दर ऑक्टोबर २०१४ मध्ये पूर्णतः नियंत्रणमुक्त झाले आणि रेशनच्या रॉकेलवरील अनुदानही टप्प्याटप्प्याने संपून २०२० मध्ये ते बाजारभावाला आले. रॉकेलच्या भेसळीतील नफा त्यामुळे आटला. पण जिथे किमतीत फरक उरतो, तिथे भेसळ नवे रूप घेते. २०२१ च्या सुमारास गुजरात आणि महाराष्ट्रात ‘बायोडिझेल’ या नावाखाली औद्योगिक तेले वाहनांत भरणाऱ्या अनधिकृत पंपांवर छापे पडले. महामार्गावरचा जुन्या ट्रकचा मालक लिटरमागे वाचणाऱ्या काही रुपयांसाठी तिकडे वळत होता. महिना-दोन महिन्यांनी पंप बसला, तर तो दोषही वयाच्याच खात्यावर जमा होई.

वयाची मोजपट्टी

या पार्श्वभूमीवर सरकारी धोरण काय मोजते? राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना दिल्लीतील पंपांवर इंधनच न देण्याचा प्रयोग झाला, तो लोकक्षोभामुळे काही दिवसांतच आवरता घ्यावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयाच्या आधारावर सक्तीची कारवाई नको असे म्हटले आणि डिसेंबर २०२५ मध्ये ते संरक्षण भारत स्टेज चार व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. म्हणजे निव्वळ वर्षांच्या मोजपट्टीकडून गाडीच्या तंत्राच्या मोजपट्टीकडे न्यायालय सरकले. हा बदल स्वागतार्ह असला तरी अपुरा आहे.

देशपातळीवर १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झालेल्या वाहन मोडीत काढण्याच्या धोरणाचा गाभा वय नसून फिटनेस चाचणी हा आहे. सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या वाहनांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांची थेट मर्यादा लागली. खासगी मालकांसाठी शुल्काचा दट्ट्या आहे : ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील हलक्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क ५ हजारांवरून १० हजार रुपये झाले, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जुन्या व्यावसायिक वाहनांच्या फिटनेस तपासणीचे शुल्कही अनेक पटींनी वाढवले. शुल्क वाढले, पण तपासणी तितकी सखोल झाली का? डिझेल गाडीच्या पीयूसीमध्ये इंजिन जोरात रेस करून धुराची घनता मोजतात. भारत स्टेज चारच्या आधीच्या गाड्यांना ६५ आणि चारच्या गाड्यांना ५० एककांची मर्यादा आहे. फिटनेस केंद्रात ब्रेक, दिवे, सस्पेन्शन तपासले जाते. टाकीत पाणी आहे का, ओढणीच्या मार्गात हवा शिरते का, फिल्टर कधी बदलला, हे या तपासणीचे मुख्य विषय नाहीत. धुराच्या चाचणीत उत्तीर्ण झालेली गाडी तासाभरात घाटात बंद पडू शकते.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये कर्करोगकारक ठरवले आहे. मग जुन्या डिझेल गाड्यांची वकिली कशासाठी? ही वकिली नव्हे. झिजलेली नोझल फवारा न सोडता थेंब गाळते आणि तेच न जळालेले डिझेल काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडते. इंधनयंत्रणा सुस्थितीत ठेवणे हा प्रदूषणावरचाही उपाय आहे. जुन्या गाड्या टप्प्याटप्प्याने जायलाच हव्यात; पण त्या जाईपर्यंत लाखो माणसे त्यांतून प्रवास करणार आहेत, आणि त्या काळाची जबाबदारी कुणीतरी घेतली पाहिजे.

थांबलेली गाडी, धावणारा रस्ता

कारण गाडी बंद पडणे ही केवळ गैरसोय नाही. इंजिन थांबले की हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग जड होते. हलक्या गाड्यांच्या ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम इंजिनावरच्या पंपातून मिळतो; तो थांबला की एक-दोनदा पेडल दाबण्यापुरताच साठा उरतो. ट्रक-बसमध्ये हवेच्या ब्रेकचा कॉम्प्रेसरही इंजिनावरच चालतो. खंडाळ्याच्या, कसाऱ्याच्या किंवा आंबेनळीच्या वळणावर हे घडले तर चालकाच्या हाती काही क्षणच असतात. चढावर दम सोडणे हा तर तुंबलेल्या फिल्टरचा स्वभावच. म्हणजे जिथे थांबणे सर्वांत धोक्याचे, नेमके तिथेच अशी गाडी थांबते.

आणि थांबलेली गाडी इतरांसाठीही संकट असते. जून २०१६ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ टायर पंक्चर झाल्याने कडेला थांबलेल्या मोटारीजवळ भरधाव बस घुसली आणि १७ जणांचे प्राण गेले. त्या थांबण्याचे कारण इंधन नव्हते, पण वेगवान रस्त्यावर उभ्या वाहनाचा अर्थ काय होतो, हे त्या रात्री कळले. महामार्ग रुंद होत आहेत, वेगमर्यादा वाढत आहेत. त्यावर मागे लाल त्रिकोण न ठेवता, दिवे बंद अवस्थेत उभा असलेला जुना ट्रक रात्री दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

काय करता येईल?

पहिली गोष्ट पंपावरची. भूमिगत टाकीत पाणी आहे का, हे पाहण्यासाठी मापाच्या काठीला रंग बदलणारी पेस्ट लावण्याची पद्धत आहे, आणि दररोज घनता मोजून तिची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. टँकरबरोबर आलेल्या नोंदीपेक्षा घनता प्रतिघनमीटर तीन किलोपेक्षा अधिक बदलली तर ती शंकेची खूण मानली जाते. ग्राहकाला ही घनता तपासून मागण्याचा अधिकार आहे. पंपावरील भेसळ व गैरप्रकार रोखण्यासाठी २००५ चा केंद्रीय आदेशही आहे. तरतुदींची वाण नाही. पाण्याच्या रोजच्या तपासणीचा निकाल, निदान पावसाळ्याच्या चार महिन्यांत, दर्शनी फलकावर लावण्याची सक्ती झाली तर रतलामसारखा प्रकार गाडी थांबण्याआधी कळेल.

दुसरी गोष्ट तक्रारीची. एकाच पंपावर एकाच दिवशी भरलेल्या दोन-तीन गाड्या बंद पडल्या तर नमुना घेण्यासाठी मंत्र्याच्या ताफ्याची वाट पाहावी लागू नये. ग्राहकाने पावती जपली आणि मिस्त्रीने टाकीतले इंधन फेकून न देता स्वच्छ बाटलीत राखून ठेवले, तर निदान पुरावा उरतो. आज तो गॅरेजच्या गटारात जातो.

तिसरी गोष्ट तपासणीची. फिटनेस केंद्रात वाढीव शुल्क घेतलेच जाणार असेल, तर त्यात इंधनमार्गाची दहा मिनिटांची पाहणी समाविष्ट व्हावी : टाकीच्या तळातून काढलेला नमुना, पारदर्शक नळी लावून बुडबुड्यांची तपासणी, रबरी नळ्यांची अवस्था आणि फिल्टर बदलल्याची नोंद. यासाठी परदेशी यंत्रे लागत नाहीत. पंप आणि नोझल यांचे कॅलिब्रेशन करणाऱ्या कार्यशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्वीपासून आहेत. त्यांच्या प्रमाणपत्राला फिटनेसमध्ये स्थान दिले तर मालकालाही देखभालीत लाभ दिसेल आणि शुल्कात थोडी सवलत देऊन तो वाढवताही येईल.

चौथी गोष्ट नव्या इंधनाची. मिश्रण बदलणार असेल तर कोणत्या सालच्या गाडीत कोणता भाग बदलावा, याची यादी वाहन उत्पादकांनी मराठीसह प्रादेशिक भाषांत आधी प्रसिद्ध करावी आणि पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळकपणे लिहावे.

यांपैकी एकाही उपायाला मोठा निधी लागत नाही. लागते ती फक्त प्रश्न योग्य जागी विचारण्याची तयारी. रतलामला प्रशासनाने ती काही तासांत दाखवली, कारण थांबलेल्या गाड्या मुख्यमंत्र्यांच्या होत्या. पहाटे भाजी घेऊन निघालेला टेम्पो घाटात थांबतो तेव्हा त्याच्या टाकीतील डिझेलही तितक्याच तत्परतेने तपासले जाईल, तेव्हाच जुन्या गाड्यांविषयीचे धोरण न्याय्य म्हणता येईल.